संत्र्याची पेटी कोण भरायचं?

प्रश्न : वरुड तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांचे बाबा गेल्या वर्षी ८१व्या वर्षी वारले. गावात त्यांना ‘फौजी अण्णा’ म्हणत. हवाई दलात होते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीवरची मोटार ते स्वतः खोलून दुरुस्त करायचे, म्हणून लोक समजायचे की मेकॅनिक असतील. वर्षश्राद्धाआधी घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक लॉगबुक, रिबिनीसकट चार पदकं आणि इंग्रजीतलं एक पत्र सापडलं. लॉगबुकवरून कळलं की बाबा कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. डिसेंबर १९७१च्या पानावर लाल शाईत सात ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत सोबत्याचं एकच आडनाव आहे. त्यानंतर पान कोरं, ते थेट एप्रिल १९७२पर्यंत. १९७३मध्ये वही संपते. इंग्रजी पत्र त्याच आडनावाच्या एका बाईंचं आहे, केरळातून १९७९मध्ये आलेलं : संत्री पोचली, मुलांना आवडली, दर वर्षी एवढा त्रास घेऊ नका. ताई विचारतात : बाबांच्या हातून किती माणसं मेली असतील? तो सोबती बाबांच्या चुकीनं गेला आणि म्हणून त्यांनी आयुष्यभर हे लपवलं का? ७३ वर्षांच्या आईला आता हे सांगावं का? धाकटा भाऊ आणि सरपंच येत्या १६ डिसेंबरला सत्कार ठेवून गावाच्या वेशीवर बाबांच्या नावाची कमान बांधायची म्हणतात. “मी खोलात जाऊ, की ट्रंकेला पुन्हा कुलूप लावू?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासारखीच लाल शाईत अडकले. दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहून गेला आहात : “डिसेंबर लागला की आई आंबिया बहाराची निवडक फळं तणसात रचून एक पेटी भरायची आणि बाबा ती नागपूरच्या पार्सल ऑफिसात देऊन यायचे, केरळच्या मित्राला.”

पेटी आई भरायची. एखाद्या वर्षी नव्हे, तुम्हाला कळायला लागल्यापासून. आणि तुम्ही मला विचारता, आईला सांगू का!

पत्रासोबत बाबांच्या डायरीतल्या पत्त्याचा फोटो पाठवलात, तो मोबाईलवर मोठा करून पाहिला. नाव-गाव इंग्रजीत आहे, बाबांच्या ताठ, सुट्या अक्षरात. त्याखाली पिनकोड आहे, वेगळ्या शाईत आणि मराठी आकड्यांत. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला आला, म्हणजे पत्ता जुना असेल आणि आकडे नंतर कोणीतरी भरले असतील. तुम्हीच लिहिलंय की बाबा दुधाचा हिशेबसुद्धा इंग्रजी आकड्यांत ठेवायचे. मग ते सहा मराठी आकडे कोणाचे? आईचं अक्षर तुम्ही ओळखता, मी नाही.

माझा अंदाज चुकू शकतो. आईला फक्त ‘बाबांचे मित्र’ एवढंच माहीत असेल. पण ‘आईला धक्का बसेल’ हे तुम्ही पक्कं धरून चालला आहात, ते थोडं सैल करा. कदाचित घरातल्या सगळ्यांत तिलाच सर्वांत जास्त माहीत असेल आणि पन्नास वर्षांत कोणी तिला विचारलंच नसेल. आपल्याकडे फौजेतल्या माणसाला विचारतात, फौजेतल्या माणसाच्या बायकोला कोण विचारतं?

आता ‘लपवलं’ या शब्दाकडे येते. हा शब्द तुमच्या पत्रात अकरा वेळा आला आहे. (मोजला. सवय आहे.) लपवणारा माणूस लॉगबुक जाळतो, विहिरीत टाकतो, रद्दीत घालतो. तुमच्या बाबांनी ते ट्रंकेत ठेवलं, त्यावर कडुलिंबाचा पाला टाकला आणि ट्रंकेची किल्ली देवघरातल्या खिळ्याला अडकवली. घरातलं कुणीही कधीही उघडू शकलं असतं. तुम्ही बारावीत असताना एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “कायले इचारतं बाई? काम होतं, केलं.” तुम्हाला यात दार बंद झाल्यासारखं वाटलं. मला त्यात आपल्याकडच्या शंभर बापांचं बोलणं ऐकू येतं.

माझे वडील कापसाच्या जिनात कामाला होते. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. आम्ही भावंडं त्या बोटांसोबतच वाढलो, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. ती कशी गेली ते मला त्यांच्या दहाव्याला, नदीवर, त्यांच्या जुन्या जोडीदाराकडून कळलं. यंत्रात सापडलेल्या एका पोराला ओढून काढताना. मी घरी येऊन आईवर चिडले, का सांगितलं नाही म्हणून. ती म्हणाली, “तू कधी इचारलं?” त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. सगळे बाप असेच असतात असं मला म्हणायचं नाही. पण न सांगणं आणि लपवणं यांत बरंच अंतर असतं, आणि तुम्ही ते एका उडीत ओलांडलंत.

लॉगबुकविषयी मात्र नीट बोलू, कारण तुम्ही ते धड न वाचताच त्याला घाबरला आहात. त्यासाठी मी कॅनबेरावर काम केलेल्या एका निवृत्त नॅव्हिगेटरांना, म्हणजे वैमानिकाला वाट दाखवणाऱ्या सोबत्याला, गाठलं. तुमचं नाव-गाव सांगितलं नाही.

ही वही म्हणजे डायरी नव्हे. वैमानिकाच्या प्रत्येक उड्डाणाची तिच्यात एक ओळ असते : तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कोण उडवत होतं, सोबत कोण होतं, काम काय होतं, दिवसाचे तास, रात्रीचे तास. महिना संपला की बेरीज आणि वरिष्ठाची सही. लाल शाईचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, पण ते रक्त नाही हो. रात्रीची उड्डाणं लाल शाईत लिहायची ही ब्रिटिशांपासूनची रीत आहे. वहीची आधीची वर्षं चाळा, सरावाच्या रात्रीही लालच सापडतील. १९७१मध्ये कॅनबेरा मुख्यतः रात्रीच जात. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ला केला आणि त्याच रात्री आपले कॅनबेरा उलट निघाले. तुमच्या बाबांची पहिली लाल ओळ कोणत्या तारखेची आहे ते पाहा. चार पदकांपैकी एकावर ‘पश्चिमी स्टार’ लिहिलंय असं तुम्ही कळवलंत, म्हणजे ते पश्चिमेच्या आघाडीवर होते. पूर्वेकडे लढलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ मिळाला.

आता पहिला प्रश्न, किती माणसं मेली. याचं उत्तर त्या वहीत नाही. दुसऱ्या कुठल्या कागदात असेल असंही वाटत नाही. या विमानांची रात्रीची लक्ष्यं बहुधा धावपट्ट्या असत, त्याखेरीज तेलाच्या टाक्या, रेल्वे यार्ड. धावपट्टीवर खड्डा पाडायचा, म्हणजे सकाळी समोरच्यांची विमानं उडणार नाहीत. ते लोक खड्डा बुजवायचे, हे पुन्हा जायचे. पण विमानतळावर माणसं असतात, यार्डातही असतात, आणि त्या काळी अंधारात टाकलेला प्रत्येक बॉम्ब खुणेवर पडत नसे. तेव्हा “तुमच्या बाबांच्या हातून कोणी गेलंच नसेल” असं मी लिहिणार नाही. तुम्ही शहाण्या आहात, तुम्हाला ते पटणारही नाही. “देशासाठी केलं, विषय संपला” असंही लिहिणार नाही. ते खरं असलं तरी रात्री दोन वाजता त्याचा उपयोग होत नाही, आणि तुम्ही सध्या रात्री दोनलाच जाग्या असता असं पत्रात म्हटलंय.

एवढंच म्हणते की हा प्रश्न तुमच्या आधी त्यांना पडला असणार. ते २८ वर्षांचे होते. त्यांनी त्याचं काय केलं, ते शोधण्यासारखं आहे, आणि त्याचा पुरावा माळ्यावर कमी आणि वाडीत जास्त आहे. तुम्ही लिहिता, बाबांनी बगिच्याची एक वही ठेवली होती : कलमाचा क्रमांक, तारीख, काय केलं, किती तास, आणि दर महिन्याच्या शेवटी बेरीज करून खाली सही. डिंक्या लागलेल्या झाडाला बोर्डो कधी लावलं, फवारणीच्या वेळी वारा कुठून होता, सगळं. त्या सहीला तुम्ही भावंडं हसायचात, स्वतःच्याच बगिच्याला कोणी सही करतं का म्हणून. आता ती वही आणि लॉगबुक शेजारी शेजारी ठेवा, रकाने मोजा. १९७३ला बंद झालेली वही त्यांनी पुढची पन्नास वर्षं संत्र्याच्या झाडांवर चालू ठेवली, असं मला तरी दिसतं.

सोबत्याचा प्रश्न जड आहे. एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण शोधायला लागलात की ती कुठेतरी समोर येईलच, आणि तेव्हा तुम्ही एकट्या असू नये. आपल्याकडे कॅनबेराचे काही प्रकार होते. बॉम्बफेकीसाठी जास्त करून वापरला जाणारा होता बी (आय) ५८. त्यात दोघं असत. वैमानिक वर, डाव्या बाजूच्या काचेच्या घुमटाखाली. नॅव्हिगेटर खाली नाकाच्या पोकळीत, बॉम्ब टाकायच्या वेळी पालथा पडून नेम धरणारा. म्हणजे बॉम्बचा नेम बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांनी धरला जाई आणि विमान तुमच्या बाबांच्या हातात असे, हेही लक्षात घ्या. त्या प्रकारात वैमानिकाला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, होती. नॅव्हिगेटरला नव्हती. त्याला बाजूच्या झडपेतून हवाई छत्रीसह स्वतः बाहेर पडावं लागे आणि तेवढा वेळ नेहमी मिळत नसे. असं विमान बांधणाऱ्यांनी ठरवलं होतं, चालवणाऱ्यांनी नाही.

पण थांबा. यावरून लगेच गोष्ट रचू नका. शेवटच्या लाल ओळीनंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तीन-साडेतीन महिन्यांचं कोरं पान म्हणजे दवाखाना असेल, रजा असेल, बदली असेल. तो सोबती त्या रात्री गेला, नंतर गेला, की १९७९मध्ये जिवंत होता आणि त्याच्या बायकोनं फक्त आभाराचं पत्र लिहिलं, हे त्या चार ओळींवरून कळत नाही. त्या पत्रात ‘विधवा’ हा शब्द नाही, तो तुम्ही घातलात. आणि समजा तो गेला आणि बाबा वाचले. वाचलेल्या माणसाला जे वाटतं, त्याला चूक केलीच असली पाहिजे असं नसतं. ज्याला कोणी दोष दिला नाही, तोही पन्नास वर्षं संत्री पाठवू शकतो. त्या बाईंनी “एवढा त्रास घेऊ नका” लिहिलं, तरी पेटी थांबली नाही. मला यात अपराधापेक्षा दोन घरांतलं येणं-जाणं जास्त दिसतं. तुमचं मत वेगळं झालं तर तो तुमचा अधिकार आहे, पण ते कागद बघून होऊ द्या.

कागदांचं म्हणाल तर आधी आहेत ते सांभाळा. लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. लॅमिनेशन करू नका, फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नका. ट्रंकेत कसर लागली आहे का बघा आणि वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. तो क्रमांक हातात आला की पुढची अर्धी वाट सोपी होते. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर तिच्या पीपीओवरही (निवृत्तिवेतन मंजुरीच्या कागदावर) काही तपशील सापडतील. मिळत नसेल, तर हक्क होता की नव्हता हे अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. पत्रात तुम्ही याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. कमानीआधी हे बघायला हवं होतं, असं मला वाटतं.

मग दिल्लीला हवाई दलाच्या मुख्यालयाला साधं पत्र लिहा, मुलगी म्हणून : क्रमांक, नाव, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, आणि नेमकं काय हवंय ते. त्यानं काम झालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपये फी आणि उत्तराला तीस दिवस. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती काही अपवाद सोडून द्यावी लागते, असं त्याच कायद्यात आहे. सुरक्षेचा अपवाद मात्र राहतो, तेव्हा नकार आला तर तो बाबांविषयी काही सांगतोय असं समजू नका. २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धाच्या नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या करायचं धोरण आणलं. धोरण आलं म्हणजे फाईल टेबलावर आली असं होत नाही, हे तुम्हाआम्हाला तहसीलवरून ठाऊक आहेच.

पण कागदांपेक्षा माणसं लवकर संपतायत. १९७१ला जो पंचवीस वर्षांचा होता तो आज ऐंशीला टेकला. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे आणि तिथून निवृत्त झालेली बरीच मंडळी त्याच शहरात राहतात. अशा एखाद्याला लॉगबुकचे फोटो दाखवा. मला ज्यांनी मदत केली त्यांना तुमच्या परवानगीनं तुमचा निरोप देईन. एका रकान्यातल्या दोन इंग्रजी अक्षरांवरून ते जे सांगतात ते चार अर्जांत मिळणार नाही. हे फक्त तुमच्यासाठी नाही. ज्या कोणाच्या घरी अशी ट्रंक, किंवा गप्प बसणारे काका-आजोबा आहेत, त्यांनी आजोबांना आजच विचारावं. पदकांविषयी नको. जेवायला काय असायचं, थंडी किती असायची, सोबत कोण होतं. माणूस तिथून बोलायला लागतो.

कमानीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : यंदा नको. भावाचं मन मोडू नका, त्यालाही बाप नव्यानं सापडलाय आणि त्याचा आनंद तो त्याच्या पद्धतीनं करतोय. पण तो म्हणतो की बाबांना “चार शौर्यपदकं” मिळाली. पश्चिमी स्टार, संग्राम पदक, १९७२च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदक ही त्या युद्धात किंवा त्या काळात सेवेत असलेल्या हजारोंना मिळालेली पदकं आहेत. त्यांचा मान कमी नाही, पण ती शौर्यपदकं नव्हेत. वीरचक्र वगैरे मिळालं असतं तर राजपत्रात नाव आलं असतं. उद्या कमानीवर ‘वीरचक्र विजेते’ असं रंगवलं आणि परवा कोणी फौजी पावण्यानं ते चूक आहे म्हणून दाखवलं, तर शोभा कोणाची होईल? जो माणूस फवारणीच्या वेळी वाऱ्याची दिशासुद्धा चुकीची लिहून घेत नव्हता, त्याच्या नावानं चूक रंगवू नका. सरपंचांना सांगा, कागद येऊ द्या, आईला विचारू द्या. १६ डिसेंबर पुढच्या वर्षीही येतो. सत्कार करायचाच असेल तर आईचा करा, पण तिला हवा असेल तरच.

केरळच्या बाईंना पत्र लिहायचं का, असं शेवटच्या पानावर विचारलंय. लिहा, पण आईशी बोलून झाल्यावर. त्या नसतील तर मुलं असतील, संत्री खाल्लेली. पहिल्या पत्रात प्रश्न विचारू नका. बाबा गेले हे कळवा, तुम्ही कोण ते लिहा, फोन नंबर द्या. त्यांच्याकडेही एखादी ट्रंक असेल.

आणि आईकडे लॉगबुक घेऊन जाऊ नका. ते ताटात वाढल्यासारखं समोर ठेवलं तर ती म्हणेल, मले काय समजते त्यातलं, आणि उठून जाईल. वाडीतली फळं उतरवायला आली की एक दिवस माहेरी राहायला जा, तिच्यासोबत फळं निवडायला बसा. बाबा गेले त्या वर्षी पेटी गेली होती की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत नसणार. पहिल्यांदा तेवढंच विचारा.